एका क्रियापदाची धाव

परभाषेचा अभ्यास आरंभणाऱ्या विद्यार्थ्याची अशी एक स्वाभाविक समजूत असते की, त्या भाषेतील लांबलचक, उच्चारावयास अवघड आणि विद्वानांच्या ग्रंथांतच प्रायः आढळणारे शब्द एकदा मुखोद्गत झाले म्हणजे भाषेचा गड सर झाला. आणि पहिल्या इयत्तेतच ओळखीचे झालेले 'रन', 'सेट', 'पुट', 'टेक' यांसारखे इवलेसे शब्द तर त्याच्या लेखी केव्हाच निकालात निघालेले असतात. अनुभव मात्र याच्या नेमका उलट येतो. 'फोटोसिंथेसिस' म्हणजे प्रकाशसंश्लेषण, हे एकदा कळले की त्या शब्दाकडे पुन्हा वळून पाहावे लागत नाही. त्याला एकच काम नेमून दिलेले आहे आणि ते तो इमानेइतबारे बजावतो. 'रन' म्हणजे धावणे, हे मात्र कळूनही न कळल्यासारखे राहते. मुलगा 'रन' करतो हे ठीक. पण इंग्रजीत नदीही तेच करते, सर्दी झालेले नाकही तेच करते, आणि घड्याळ, गिरणी, दुकान, नाटकाचे प्रयोग, भाडेपट्ट्याची मुदत, डोंगराची रांग, धुतलेल्या लुगड्याचा रंग व गावात पसरलेली अफवा, या सर्वांचे व्यापार त्या भाषेने या एकाच क्रियापदाच्या हवाली केलेले आहेत. या क्रियापदाचे चरित्र सांगावे, आणि ते सांगता सांगता आपल्या मायबोलीच्या घरातही थोडे डोकावून पाहावे, एवढाच या प्रकरणाचा उद्देश आहे.

कोशकारांची कसोटी

अशा लहान क्रियापदांचा धाक मोठमोठ्या कोशकारांनीही घेतलेला आहे. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात ४२,७७३ शब्दांचा संग्रह होता. आणि त्यांतील 'टेक' या एका क्रियापदाचे त्यांनी १३४ अर्थ नोंदविले होते. आपल्या प्रस्तावनेत त्यांनी अशा क्रियापदांची नावे मुद्दाम घेऊन, त्यांच्या अर्थांच्या अरण्यातून वाट काढणे किती दुष्कर होते, हे मोकळ्या मनाने नमूद केले आहे. ज्या पुरुषाने जवळजवळ एकहाती एका भाषेचा कोश सिद्ध केला, त्याला दुर्घट वाटले ते घेणे, देणे, ठेवणे, करणे, धावणे यांसारख्या क्रियांचे शब्द, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने इंग्रजी भाषेच्या एका नव्या, ऐतिहासिक कोशाचा संकल्प सोडला, आणि १८७९ साली जेम्स मरे यांनी त्याची संपादकीय धुरा खांद्यावर घेतली. मिल हिल येथे आपल्या घराजवळ त्यांनी पत्र्याची एक खोली बांधून घेतली, भिंतींना १,०२९ खणांची फडताळे बसविली, आणि देशोदेशींच्या वाचकांनी पाठविलेल्या चिठ्ठ्या त्या खणांत अनुक्रमाने लावण्यास प्रारंभ केला. चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाएवढा कागदाचा तुकडा. डाव्या कोपऱ्यात शब्द, त्याखाली सन, ग्रंथकार व ग्रंथ, आणि मग तो शब्द ज्यात आला ते वाक्य. या चिठ्ठ्या लावण्याच्या कामी मरे यांची मुलेबाळेही बसत. १९१५ साली मरे निवर्तले. कोश पुरा झाला तो १९२८ साली, तेव्हा त्यात चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर अवतरणे होती. हाच तो सुप्रसिद्ध ऑक्सफर्ड कोश.

या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत प्रदीर्घ नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि शब्दयोगांसह ते विशद करण्यास सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. तिसऱ्या आवृत्तीचे संशोधन सुरू झाल्यावर हा मान २००० साली 'मेक'कडे, २००७ साली 'पुट'कडे आणि अखेरीस २०११ साली 'रन'कडे गेला. त्या वेळी 'रन'च्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निश्चित झाले, आणि पीटर गिलिव्हर या कोशकारास त्यासाठी नऊ महिने खपावे लागले.

नऊ महिने कशासाठी, असे कोणी विचारील, तर मेजावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे मांडून बसलेला कोशकार क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. एका चिठ्ठीतील वाक्यात घोडा धावतो आहे, ती डावीकडे. दुसरीत ओढा धावतो आहे, ती उजवीकडे. तिसरीत तलवार शत्रूच्या देहातून आरपार धावली आहे. येथे हात थबकतो, कारण पाय तर येथे नाहीतच, आणि वाहणेही नाही. तेव्हा तिसरा गठ्ठा आला. चौथ्या चिठ्ठीत भिंत बागेच्या कडेने धावते आहे, आणि भिंत तर जागची हललेलीही नाही. अशा सहस्रावधी चिठ्ठ्यांतून, दोन अर्थ खरोखर भिन्न आहेत की एकाच अर्थाच्या दोन छटा आहेत, याचा निवाडा करीत जाणे म्हणजे प्रत्येक चिठ्ठीगणिक एक दिवाणी दावा निकालात काढण्यासारखेच आहे.

पाय आधी की पाणी आधी?

सामान्य समजूत अशी की, 'रन'चा मूळ अर्थ पायांनी धावणे हा असून पाणी वाहणे वगैरे अर्थ कवींनी मागाहून अलंकाररूपाने जोडले असावेत. शब्दाचा इतिहास वेगळेच सांगतो. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाची 'रिन्नन' व 'इर्नन' अशी रूपे आढळतात, आणि त्या भाषेची भगिनी जी जर्मन, तिच्यात आजही या घराण्याची दोन क्रियापदे शेजारी शेजारी नांदत आहेत: 'रेन्नेन' म्हणजे धावणे आणि 'रिन्नेन' म्हणजे वाहणे, ओघळणे. म्हणजे पाणी व पाय हे दोन्ही अर्थ या घराण्यात फार पूर्वीपासून एकत्र आहेत. चीज करताना दूध साकळविण्यासाठी वासराच्या जठरातील जो रस घालतात, त्याचे 'रेनेट' हे इंग्रजी नाव याच घराण्यातले. दुधाचे कण धावून एकत्र आले म्हणजे दूध साकळले, अशी ती जुनी कल्पना.

हे वाचून मराठी वाचकास नवल वाटण्याचे कारण नाही, कारण हीच कथा संस्कृतातही घडलेली आहे. 'द्रु' हा संस्कृत धातू धावण्याचा; त्यापासून त्वरेचा वाचक 'द्रुत' शब्द निघाला, तसाच पाण्यातेलांचा वाचक 'द्रव' शब्दही निघाला. 'सृ' म्हणजे सरणे, जाणे; त्यापासून नदीला 'सरिता' हे नाव मिळाले. आणि खुद्द आपल्या 'धावणे'चा जनक जो 'धाव्' धातू, त्याचे धावणे व वाहणे हे अर्थ तर आहेतच, शिवाय त्याच रूपाच्या धातूचा धुणे, स्वच्छ करणे असाही अर्थ आहे. 'दंतधावन' या शब्दात दातांची धाव नसून दातांचे धुणे आहे, ते याच कारणाने. वेगाने वाहणारे पाणी आणि वेगाने जाणारा प्राणी या दोहोंत मनुष्याच्या आद्य दृष्टीला एकच क्रिया दिसली, आणि हजारो कोसांच्या अंतरावर बोलल्या जाणाऱ्या भाषांनी तिला एकच नाव दिले.

अर्थाचा वंशविस्तार

एकदा हे मूळ हाती आले म्हणजे साडेसहाशे अर्थांच्या गर्दीतही काही ठळक घराणी ओळखू येतात. पहिले घराणे पाण्याचे: नाक वाहते, मेणबत्ती ओघळते, कच्चा रंग दुसऱ्या कापडास लागतो, या सर्व ठिकाणी इंग्रज 'रन' म्हणतो. दुसरे घराणे रेषेचे: रस्ता लंडनहून डोव्हरला जातो, तटबंदी टेकडीच्या कडेने जाते. येथे हलतो तो रस्ता नव्हे, त्याच्यावरून फिरणारी आपली दृष्टी. पण भाषेने दृष्टीची गती वस्तूच्या पदरात घातली. तिसरे घराणे काळाचे: रेषा जशी स्थळात लांबते तशी मुदत काळात लांबते, म्हणून करार पाच वर्षे 'रन' होतो आणि नाटकाचे शंभर प्रयोग ओळीने झाले तर त्यास 'लाँग रन' म्हणतात.

चौथे घराणे सत्तेचे. येथे क्रियापद अकर्मकाचे सकर्मक होते: घोडा धावतो, त्यावरून कोणी घोडा धावडवतो, आणि त्यावरून कोणी गिरणी, वर्तमानपत्र किंवा राज्य 'रन' करतो. वाफेची यंत्रे, आगगाड्या, विजेवरचे कारखाने आणि आता संगणकातील प्रणाली, या सर्वांनी या घराण्याची प्रजा अपरंपार वाढविली. सायमन विंचेस्टर या इंग्रज ग्रंथकारांनीही 'सेट'वर 'रन'ने मिळविलेल्या विजयाचा संबंध यंत्रयुगाशी जोडलेला आहे, आणि तो सयुक्तिक दिसतो. 'सेट' हे ठेवण्याचे, बसविण्याचे, स्थिर करण्याचे क्रियापद. 'रन' हे न थांबण्याचे. ज्या शतकांत चाके अहोरात्र फिरू लागली, त्या शतकांचा कल कोणत्या शब्दाकडे गेला असेल, हे निराळे सांगावयास नको.

पाचवे घराणे भयाचे. पेढी बुडणार अशी आवई उठली की ठेवीदार आपली रक्कम काढून घेण्यास धावतात. त्या झुंबडीलाच इंग्रजीत पेढीवरचा 'रन' म्हणतात. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैन्याची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ उतरल्याची वार्ता लंडनला पोचली, आणि अशी धावाधाव झाली की बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोने देणे तहकूब करावे लागले. तो व्यवहार पूर्ववत होण्यास १८२१ साल उजाडले.

आणि एक लहानसे पण आपल्या फार परिचयाचे घराणे क्रिकेटचे. पूर्वी धावा मोजण्यासाठी काठीवर खाचा पाडीत, आणि धावेला त्या खाचेचेच नाव होते. मागाहून 'रन' हे नाव रूढ झाले. पुढे सीमापार गेलेल्या चेंडूस चार धावा देण्याचा नियम आला, आणि फलंदाज जागचा न हलताही त्याच्या नावावर चार 'रन' जमा होऊ लागले. क्रिया लोपली, तिचे मोल तेवढे शिल्लक राहिले. शब्दार्थ कसा सरकत जातो, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

इंग्रजी धावते, मराठी चालते

आता या घराण्यांकडे मराठीच्या अंगाने पाहिले असता एक मोठी मनोरम गोष्ट लक्षात येते. इंग्रजाचे घड्याळ धावते. आपले घड्याळ चालते. त्याचे यंत्र धावते. आपले यंत्र चालते. तो दुकान धावडवतो, आपण दुकान चालवतो. आणि खटला, संसार, कारभार, शाळा, परंपरा, वंश, श्वास, लेखणी ही सर्व मराठीत चालतात. डोके चालते, हात चालतो, तोंड चालते. खोटे नाणे चालत नाही. आणि एखाद्या गोष्टीस आपली संमती असेल तर 'चालेल' एवढा एक शब्द पुरतो. जेथे जेथे इंग्रजीने धाव घेतली तेथे तेथे मराठीने पाऊल टाकले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लॅटिन व संस्कृत यांच्याकडून घेतलेल्या शब्दांतही हेच द्वंद्व दृष्टीस पडते. लॅटिन 'कुरेरे' म्हणजे धावणे. त्यापासून इंग्रजीत 'करन्सी' आली, म्हणजे हातोहात धावणारा पैसा. आपला शब्द 'चलन', म्हणजे हातोहात चालणारा पैसा. त्याच धातूपासून 'करिक्युलम' आला, जो मुळात शर्यतीचा व धावेचा वाचक. आपला शब्द 'अभ्यासक्रम', आणि 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. वामनाने तीन पावलांत त्रिभुवन आक्रमिले म्हणून तो त्रिविक्रम, त्या पावलांतलाच हा क्रम.

यावरून इंग्रज घाईचे आणि मराठी माणसे संथ, असा निष्कर्ष काढणे अज्ञानाचे होईल. खरे कारण भाषेच्या इतिहासात आहे. आज चालण्याचा वाचक असलेला 'वॉक' हा शब्द प्राचीन इंग्रजीत लोळणे, गडगडणे, घुसळले जाणे अशा अर्थाचा होता. पायी जाणे हा अर्थ त्याला इसवी सनाच्या सुमारे १२०० च्या पुढे लाभला. तोवर 'रन' आपल्या अनेक अर्थांनिशी घरात स्थिरावलेला होता. मराठीत उलट 'चालणे' हेच संस्कृतच्या 'चल्' पासून आलेले, हलण्यापासून प्रचारात असण्यापर्यंत सर्व अर्थ पेलणारे थोरले क्रियापद. त्यामुळे नव्या नव्या वस्तू आल्या तेव्हा त्या त्याच्याच पदरात पडल्या. नवे काम बहुधा घरातल्या कर्त्या माणसाकडेच जाते. भाषेतही तसेच घडते.

नियमाला अपवादही आहेत, आणि ते बोलके आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती मराठीत 'धावली'च. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर निघालेली राज्य परिवहनाची पहिली मोटारही 'धावली'. गाडी हाकणारा मात्र ती 'चालवतो'. निवडणुकीत तर तीन भाषाप्रकृती एकत्र दिसतात: अमेरिकेतला उमेदवार पदासाठी 'रन' करतो, इंग्लंडातला 'स्टँड' म्हणजे उभा राहतो, आणि मराठी उमेदवार उभाही राहतो व निवडणूक लढवतोही.

दफ्तरात दडलेली धाव

इंग्रजी कायद्यात असे म्हणतात की, राजाचा हुकूम अमुक मुलखापर्यंत 'रन' होतो; म्हणजे तेथवर त्याचा अंमल आहे. हा प्रयोग आपल्याला परका वाटतो, आणि तरीही तो आपण नित्य करीत असतो. 'हुकूम जारी झाला', 'सनद जारी केली', 'वॉरंट जारी केले' असे आपण म्हणतो, तेव्हा हा 'जारी' शब्द येतो कोठून? फारसीच्या द्वारे आपल्या दफ्तरांत आलेला हा मूळचा अरबी शब्द, आणि ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ धावणे, वाहणे असाच आहे. वाहत्या पाण्याला अरबीत 'जारी' म्हणतात. म्हणजे लंडनच्या न्यायालयातील हुकूम धावत होता, आणि बादशाही व मराठेशाही दफ्तरांतील हुकूमही धावतच होता. केवळ आपल्या धावेने परक्या मुलखाचा पोशाख घातलेला असल्यामुळे ती आपल्याला ओळखू आली नाही. त्याच दफ्तरांतून इनामे व वतने मात्र 'मामूल चालत आल्याप्रमाणे' चालविण्याच्या आज्ञा सुटत असत. हुकमाला धाव आणि हक्काला चाल, अशी ही वाटणी मराठीने किती औचित्याने केली आहे! हुकूम तातडीने पोचावयाचा असतो. हक्क पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचा असतो.

मराठीची धाव

आपल्या 'धाव' या नामाचाही संसार काही लहान नाही. कपड्याला टीप घालण्यापूर्वी दोन पदर तात्पुरते जोडून ठेवण्यासाठी सुई खाली-वर, खाली-वर नेत जो लांब टाक्यांचा दोरा घालतात, त्याला आपल्या बायका धावदोरा म्हणतात. इंग्रजीतही त्या टाक्याच्या नावात 'रन'च आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोहार जी तापवून लालबुंद केलेली लोखंडी पट्टी चढवितो आणि पाणी ओतून आवळून बसवितो, तिचे नाव धाव. आणि मोटेच्या विहिरीवर बैलांसाठी जो उताराचा मार्ग बांधून काढलेला असतो, तीही धावच. बैल त्या उतारावरून खाली जाऊ लागले की मोटेचा जाड दोर म्हणजे नाडा ताणतो, भरलेली मोट वर येते, तिच्या तोंडाचा बारीक दोर म्हणजे सोंदूर सैल-ताठ होतो आणि पाणी थारोळ्यात कोसळते. मग बैल उलट्या पावलांनी वर सरकतात आणि रिकामी मोट पुन्हा विहिरीत उतरते. वर्षानुवर्षे त्याच खुरांखाली तुडविली गेल्याने ती माती दगडासारखी टणक झालेली असते.

याखेरीज संकटात कोणी कोणासाठी धावून येतो, पाहुणा धावती भेट देऊन जातो, आणि सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. ही सर्व माणसे, वस्तू व जागा एकाच शब्दाच्या छपराखाली आपण सुखाने राहू देतो, आणि यात काही गोंधळ आहे असे आपल्या मनातही येत नाही. इंग्रज विद्यार्थी मात्र आपल्या दारी येऊन, भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते, निकाल लागतो, वाटेत गाव लागते, आंबा गोड लागतो आणि अमुक गृहस्थ माझे मामा लागतात, यांतले खरे 'लागणे' कोणते, असे विचारू लागला, तर आपण 'रन'पुढे जसे गांगरतो तसाच तो गांगरला आहे, हे जाणून आपण त्याचा हात धरावा.

त्याला आणि आपल्याला सांगावयाचे ते एकच. अशा क्रियापदाचे साडेसहाशे अर्थ पाठ करण्याच्या भरीस पडू नये; त्याचे मूळ चित्र मनात ठसवावे, आणि प्रत्येक नवा अर्थ त्या चित्राच्या कोणत्या अंगातून फुटला आहे, हे वाक्यागणिक शोधावे. भाषांतर करणाऱ्याने तर याहून अधिक जपावे. 'रन' दिसला की 'धावणे' लिहिणारा दुभाषी इंग्रजी शब्द आणतो आणि मराठी क्रिया हरवतो. नाक वाहावे, भिंत जावी, ताप चढावा, धोका पत्करावा, दुकान चालावे आणि घराण्याचा गुण रक्तात असावा, हे मराठीचे स्वतःचे निवाडे आहेत, आणि शतकानुशतके अगणित जिभांनी ते कायम केलेले आहेत.

विहिरींवर आता विजेचे पंप बसले आहेत. मोटा गेल्या, नाडे गेले, आणि बैलांच्या खुरांनी टणक झालेल्या त्या उतारांवर गवत माजले आहे. गावातील लहान मुलांस त्या जागेला धाव म्हणतात हे ठाऊकही नसेल. परंतु त्याच विहिरीपलीकडच्या मोकळ्या शेतात ती मुले संध्याकाळी तीन काठ्या रोवून खेळत असतात, आणि धावबाद झालेल्या गड्याशी हुज्जत घालीत, धावफलकाच्या जागी जमिनीवर काडीने एकेक रेघ ओढून धावा मोजीत असतात. एक जागा ओस पडली. शब्द दुसरीकडे कामाला लागला.